जपून ठेवलेली सुई

इंदोऱ्याच्या त्या गल्लीत पस्तिशीच्या आतलं असं माणूस शोधून सापडायचं नाही, जे जयवंताबाईच्या पायांवर उताणं-पालथं झालेलं नाही. गल्लीत कुणी बाळंत झालं की जयवंताबाईची फेरी त्या घरी सुरू. न्हाणीत पिढ्यावर, म्हणजे बुटक्या पाटावर, बसायची, लुगडं मांडीपर्यंत वर खोचायची, दोन्ही पाय समोर सरळ करायची, आणि त्या दोन नडग्यांच्या मधल्या पन्हाळीत बाळ असं चपखल बसायचं की बघणाऱ्याला वाटावं, बाईचे पाय देवानं चालायला दिलेलेच नाहीत. मग जवसाचं तेल, मग चण्याचं पीठ, मग कढत पाणी. रडून रडून पोर लालेलाल, आणि नंतर असं झोपायचं की आईनं दोनदा नाकाशी बोट धरून पाहावं. पुढे ही पोरं मोठी झाली. कुणी वकील झालं, कुणी पुढारी झालं, पण कॉलर वर करून गल्लीत भाषण ठोकायला लागलं की जयवंताबाई दारातूनच म्हणायची, "जास्त बोलू नको गा, तुले म्या नंगं पाह्यलं." वकील कॉलर खाली करायचा. ह्या मुद्द्याला कुठल्याच कोर्टात उत्तर नाही.

आणि त्याच पायांचे गुडघे गेले. गुडघा हा दवाखान्यातला शब्द. जयवंताबाईच्या घरी त्याला टोंगळा म्हणतात. डावा टोंगळा आधी गेला, मग उजव्यानं मी काहून मागं राहू म्हणत त्याचीच वाट धरली. तिचा नवरा शालिकराम उमरेडकडच्या खाणीतून रिटायर झालेला, त्याचं निदान ठरलेलं: ग्रीस संपलं. जन्मभर यंत्रांशी संसार केलेल्या माणसाला बायकोच्या दुखण्यातही यंत्रच दिसणार. गल्लीनं आपापले इलाज सांगून झाले, निर्गुडीचा पाला झाला, एरंडाचं तेल झालं, कुहीच्या कुणा वैदूची काळी पट्टी झाली. टोंगळे काही ऐकेनात.

जयवंताबाईनं हे दुखणं लपवून कामं चालूच ठेवली होती, आणि एक दिवस ते अंगाशी आलं. शेजारच्या कांताबाईच्या नातवाला पायांवर पालथा करताना डाव्या टोंगळ्यात अशी कळ आली की पाय आपोआप उसळला आणि तेलानं माखलेलं पोर सटकलं. तिनं त्याला वरच्या वर दंडाला धरलं म्हणून कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. पोर थोड्या वेळात हसायलाही लागलं. कांताबाई एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की तुम्ही आता आराम करा, पोराले आम्हीच टबात घालतो. असल्या गोष्टीची दवंडी पिटावी लागत नाही. त्यानंतर त्या गल्लीत जयवंताबाईला कुणीही बाळ न्हाऊ घालायला बोलावलं नाही, आणि तिनंही आपलं पिढं न्हाणीतून उचलून पलंगाखाली सरकवलं.

तेव्हा तिची एकुलती लेक माया तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर वैभवी मॅडम वयानं मायाएवढ्याच. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून दाखवला, की हाडांच्या मधली गादी झिजली आहे, हाडावर हाड घासतं आहे. खरा इलाज म्हणजे गुडघे बदलायचे. ऑपरेशन म्हटल्यावर जयवंताबाईनं पदर सावरून उठायचीच तयारी केली. मग मॅडम म्हणाल्या, तोवर सुई देता येईल, स्टेरॉइडची, थेट सांध्यात. सूज उतरते, दुखणं कमी होतं, कुणाचं महिनाभर, कुणाचं तीन महिने. पण ही सुई दुखणं झोपवते, गुडघा नवा करत नाही. वरचेवर घेतली तर उरलीसुरली गादीही जाईल. आणि तुम्हाला शुगर आहे, ती काही दिवस वर चढेल, तेव्हा सांभाळायचं.

जयवंताबाईनं ह्यातलं किती ऐकलं कोण जाणे. सुई मात्र घेतली. दोन दिवस काहीच फरक नाही म्हणून तिनं डॉक्टरच्या शिक्षणावर शंका घेतली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा ठेवून दूध घ्यायला दारात गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण भिंत न धरता आलो. ती दारातच उभी राहिली आणि खुळ्यासारखी हसली. त्या हिवाळ्यात ती कुहीला भाच्याच्या लग्नात वरातीमागं चालली, बुद्धविहारात जमिनीवर बसून वंदना घेतली, आणि उन्हाळा लागता लागता दुखणं जागं होऊन घरी परत आलं. दुसरी सुई पहिलीपेक्षा लवकर विरली. मॅडम म्हणाल्या, आता आणखी एक, तीही काही महिन्यांनी, आणि मग ऑपरेशनचं मनावर घ्यायचं.

पानठेल्यावर शालिकराम ह्याला रिचार्ज म्हणायचा. बायको कशी आहे विचारलं की सांगायचा, "बॅलन्स संपला. रिचार्ज टाका लागते." लोक हसायचे, तोही हसायचा. घरात आला की मात्र बायकोच्या टोंगळ्यांना तेल लावून द्यायचा, पण ते ठेल्यावर सांगायचं नसतं.

त्याच सुमारास मायाला दिवस गेले. लग्नाला एवढी वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. तिचा नवरा धम्मदीप मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा, ती एका खाजगी शाळेत शिकवायची, आणि दोघांनी नशिबाशी समजूत करून घेतली होती. आता अचानक ही बातमी. जयवंताबाईनं फोन ठेवला आणि वाकता येत नसताना वाकून पलंगाखालचं पिढं बाहेर ओढलं. धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं. गल्लीतल्या सगळ्यांची पोरं ह्या पायांवर वाढली, आता आपली येणार. बाईला जगात दुसरं काही नको होतं. खरंच नको होतं.

मायानं तिला तिथंच थांबवलं. ती आईकडे आली होती, चौथा लागला होता, आणि आईनं बाळाच्या आंघोळीचा विषय काढताच ती म्हणाली की दवाखान्यात सांगितलं आहे, जोरानं चोळायचं नाही, आम्ही टब आणणार आहोत. जयवंताबाई म्हणाली, तू टबात वाढली काय? मायानं आईच्या टोंगळ्यांकडे पाहिलं. मग जे होतं ते बोलली.

"आई, तुह्या हातांचा भरोसा आहे मले. टोंगळ्यांचा नाही."

हे ऐकून जयवंताबाईला राग आला असता तर सोपं होतं. राग आला नाही, कारण लेक खरं बोलत होती. कांताबाईच्या नातवाचं टेंगूळ तिच्याही डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. तिनं फक्त विचारलं, टोंगळे दुखले नाही तं? पाय हलले नाही तं? माया म्हणाली, "तं पाहू."

एवढ्या 'पाहू'वर जयवंताबाईनं पुढचे सगळे महिने काढले.

हिशेब तिनं असा मांडला. सुई एकच शिल्लक. ती आता घेतली तर बाळ येईपर्यंत तिची व्हॅलिडिटी संपन. तेव्हा ती जपून ठेवायची, पोटाची तारीख जवळ आली की घ्यायची, म्हणजे बाळ घरी येईल तेव्हा पाय लोखंडासारखे होतील. शालिकराम म्हणाला, अवं, एवढं दुखून राहिलं तं टाकून घे ना रिचार्ज, पुढचं पुढं पाहू. तिनं ऐकलं नाही. आपल्याकडच्या बायकांना एक जन्माची खोड असते, चांगलं लुगडं नेसायचं नाही, पेटीत ठेवायचं. कशासाठी, तर कार्यासाठी. कार्य येईपर्यंत त्याला कसर लागते, तरी पुढचं लुगडं पुन्हा पेटीतच जातं. जयवंताबाईनं सुईचं तसंच केलं. दुखणं दातांखाली धरलं, घरातल्या घरात भिंतीला धरून फिरली, आणि वैभवी मॅडमना फोनवर ठणकावून सांगितलं की माही सुई राखून ठेवा.

माया राहायची मानेवाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. जयवंताबाई एकदा गेली, पाचवा लागल्यावर. जिन्यात दर वळणावर बसली, वर पोचली तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता, आणि परत आल्यावर टोंगळे असे सुजले की पुढचे कित्येक दिवस न्हाणीपर्यंतही शालिकरामनं धरून न्यावं लागलं. मग तिनं ठरवलं, आता जिना नाही. पाय झिजवायचे नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओवर बोलायचं. फोनमध्ये लेकीचं तोंड दिसायचं, गोल झालेलं, तेज आलेलं. जयवंताबाई शालिकरामला म्हणायची, पाहा, कशी भरली. फोनमध्ये माणसाचं तोंडच तेवढं दिसतं.

आठव्यात एकदा माया फोनवर म्हणाली की पाय लय सुजून राहिले, चपला होत नाहीत. जयवंताबाईनं सांगितलं, सुजतात वं, माहेही सुजले होते तुह्या वेळेस, उशी घे पायाखाली. धम्मदीप मागं उभा होता, त्यानंही ऐकलं. दोन दिवसांनी माया म्हणाली, डोकं दुखते. जयवंताबाई म्हणाली, झोप होत नसन, डोक्याले तेल लाव. मायानं मागं रिकाम्या घरात वळून पाहिलं. धम्मदीपची रात्रपाळी चालू होती, सासू तिची कधीच वारलेली, घरात ती एकटीच असायची.

"आई, येतं काय दोन दिवस इकडं? मले बरं नाही वाटून राहिलं."

जयवंताबाईनं आपल्या टोंगळ्यांकडे पाहिलं. तिला तो जिना दिसला, त्याची वळणं दिसली, आणि पिढ्यावरचे सरळ पाय दिसले.

"बाळ झाल्यावर येतोच ना माय. तुह्याच पोरासाठी तं पाय राखून राहिली."

माया बरं म्हणाली. फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी धम्मदीप सकाळी पाळीवरून घरी आला तेव्हा माया स्वयंपाकघरात खाली बसलेली होती आणि तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला तीन मजले खाली आणलं. दवाखान्यात नेल्यावर रक्तदाब असा की डॉक्टरांनी कुणाला विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. पोट कापून बाळ काढलं. मुलगा. वेळेच्या कितीतरी आधी आलेला, ओंजळीत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मायाला दुसऱ्या मजल्यावर, जिथं डॉक्टर तिच्या उशाशी येऊन येऊन आकडे पाहत होते.

शालिकरामनं बायकोला ऑटोत घालून आणलं, व्हीलचेअरवर बसवलं. डॉक्टर धम्मदीपला विचारत होते की सूज कधीपासून होती, डोकं कधीपासून दुखत होतं, दाखवायला काहून आणलं नाही. धम्मदीप सगळं सांगत होता. मग त्यानं सासूकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दोष नव्हता, नुसता गोंधळ होता. रात्रभर जागलेलं माणूस, जे मनात आलं ते बोललं.

"मामी, तुम्हीच म्हटलं होतं ना, सुजतात म्हणून."

जयवंताबाईनं मान हलवली. गर्भार बाईच्या पायाची सूज हातानं दाबून पाहिल्याशिवाय जिनं जन्मात कुणाच्या घरचा उंबरठा सोडला नाही, तिनं आपल्या लेकीच्या पायांना फोनवरून निरोप दिला होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर ह्याच बाईनं त्याला गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शिव्या घातल्या असत्या. आता शिव्या घालायच्या तर कुणाला?

माया वाचली. चार-आठ दिवसांनी तिला सोडलं, पण टाके ओले, जिना चढायचा नाही, म्हणून तिला आईच्याच घरी इंदोऱ्याला आणलं. बाळ दवाखान्यातच. त्याला आईचं दूध हवं होतं, थेंबथेंब, नळीतून. माया ते काढून द्यायची आणि कुणीतरी ते वेळच्या वेळी पोचवायचं. धम्मदीप धावत होता, शालिकराम धावत होता, आणि जयवंताबाई पलंगावर बसून होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः वैभवी मॅडमकडे नेण्याचा हट्ट धरला आणि त्यांना म्हणाली की द्या आता.

मॅडमना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, मावशी, बाळ पेटीतून बाहेर यायला महिना लागेल, जास्तही लागेल, सुई आत्ता घेतली तर तोवर उतरायला लागेल. जयवंताबाई म्हणाली, उतरू द्या. एवढं शहाणपण तिला आलं होतं, पण उशिरा आलं होतं, आणि उशिरा आलेल्या शहाणपणाला घरात कुणी पाट देत नाही. मॅडमनी शुगर तपासली, चार गोष्टी बजावल्या आणि दोन्ही गुडघ्यांत सुई दिली.

ती लागू पडली. अशी लागू पडली की आधीच्या दोन्ही सुयांनी तोंडात बोट घालावं. चौथ्या दिवशी जयवंताबाई दुधाची थर्मासची पिशवी घेऊन एकटी ऑटोतून गेली, आणि दवाखान्याचा जिना चढताना कठड्याला हातही लावला नाही. शुगर चढलेली, तोंड कोरडं, पण पाय हलके. दिवसातून दोनदा जायची. काचेबाहेर उभी राहून बघायची. बाळाच्या अंगावर नळ्या, डोक्यावर लोकरी टोपी, बोटं तांदळाच्या दाण्याएवढी. नर्स म्हणायची, आजी, आज दूध वाढवलं, आज वजन थोडं वाढलं. जयवंताबाई काचेतूनच त्याच्या नडग्या मापायची. आपल्या पायांच्या पन्हाळीत हे कसं बसेल, खाली मऊ धोतर घालावं लागेल, हात कुठं द्यावा लागेल. तिला आनंद व्हायचा. त्या आनंदाची तिला लाज वाटायची, कारण घरी लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

माया तिच्याशी भांडली नाही. विचारलेल्याला उत्तर द्यायची, दिलेलं खायची. जयवंताबाई पाय चोळायला बसली की पाय चादरीत ओढून घ्यायची आणि म्हणायची, राहू दे. एवढंच. आईची खोली, आईची चादर, आणि आईला त्यात जागा नाही. जयवंताबाई उठून कामाला लागायची. हातापायांना काम होतं म्हणून ती टिकली.

मग एकाएकी बाळाच्या अंगात इन्फेक्शन पसरलं. दोन दिवस डॉक्टर औषधं बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई थर्मास घेऊन काचेपाशी पोचली तर पेटीभोवती पडदा ओढलेला होता, आणि धम्मदीप बाहेर जमिनीवर बसला होता. तिनं थर्मास तसाच हातात धरून ठेवला. त्यातलं दूध अजून कोमट होतं.

धम्मदीपचे वडील गोपाळराव उमरेडहून आले. पोक्त माणूस, जगात पुष्कळ पाहिलेलं. ते म्हणाले, एवढ्याशा जिवाचं काय करायचं असते, इथूनच मातीले नेऊ, घरी नेऊन पोरीचा जीव कशाले जाळता. त्यांचं चुकलं नव्हतं. सगळ्यांना तेच बरं वाटलं. शालिकरामही हो म्हणाला. आता कशातही बोलायचा आपल्याला हक्क राहिला नाही असं जयवंताबाईला वाटत होतं.

धम्मदीपनं मायाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्याले घरी आणा. गोपाळरावांनी समजावून पाहिलं, पण ती पुन्हा तेच म्हणाली.

घरी आणलं तेव्हा ऊन वर आलं होतं. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या, कांताबाई सगळ्यांच्या पुढं. धम्मदीप पांढऱ्या दुपट्यातलं बाळ घेऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि कुणाकडे द्यावं हे त्याला कळेना. माया आतून आली. टाक्यांवर हात धरून, हळू. तिनं बाळ घेतलं, छातीशी धरलं, चेहरा उघडून पाहिला, टोपी काढून केस पाहिले. काळे, दाट, बापासारखे. तिनं त्याला जन्मल्यापासून हातात घेतलेलं हे पहिल्यांदाच. बराच वेळ ती तशीच उभी होती आणि कुणी हललं नाही. मग ती आईकडे वळली.

"आई, पिढं घे. पायावर घे त्याले."

जयवंताबाईला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर तिचं तोंड असं झालं की शालिकरामनं मान फिरवली. माया पुन्हा म्हणाली, "आंघोळ घाल. तुले येते तशी."

पाणी तापवलं. गोपाळराव हळूच म्हणाले, आता गरम कशाले. जयवंताबाईनं कोपर बुडवून पाणी पाहिलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा पाहिलं. न्हाणीत पिढ्यावर बसली. लुगडं वर खोचलं, पाय सरळ केले. टोंगळे वाकले, उलगडले, जमिनीला टेकले, कुठं करकर नाही, कुठं कळ नाही. न्हाणीच्या दारात मायासाठी खुर्ची ठेवली होती. मायानं वाकून, एका हातानं टाके दाबून, आपलं बाळ आईच्या दोन पायांच्या मध्ये स्वतः ठेवलं.

ते किती लहान होतं. तिच्या पायांवर गल्ली न्हाली होती, पण इतकं हलकं तिनं कधी पेललं नव्हतं. तिनं तेल घेतलं आणि चोळलं नाही, नुसतं लावलं. टाळूवर थेंब सोडला. कानामागं, मानेच्या घडीत, काखेत, बोटाबोटांच्या मध्ये. नळ्यांच्या चिकटपट्ट्यांचे डाग पायावर राहिले होते, ते तिनं पिठानं हळूहळू काढले. पालथं करताना बायकांनी श्वास धरला. पाय दगडासारखे स्थिर होते. शेवटचा तांब्या घेऊन तिनं हात बाळाभोवती फिरवला, जसा प्रत्येक पोरावरून फिरवायची, आणि सवयीनं तोंडातून शब्द निघाला, "मोठा..."

पुढचा शब्द निघाला नाही. दारातल्या बायका रडायला लागल्या. जयवंताबाईनं पाणी सावकाश सोडलं, त्याला टिपलं, गुंडाळलं आणि मायाच्या हातात दिलं.

गोपाळरावांनी तिला उठायला हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही, घ्यावा लागला नाही. पिढ्यावरून ती तरण्या बाईसारखी उठली. सगळ्यांनी ते पाहिलं, आणि ते पाहणं कुणालाच सोसलं नाही.

पुरुष बाळाला घेऊन गेले. बायका एकेक करून पांगल्या, सगळ्यांत शेवटी कांताबाई. घरात दोघीच उरल्या. माया अजून त्याच खुर्चीत बसलेली, हात मांडीवर रिकामे. जयवंताबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. पाय पसरले. मग लेकीचा एक पाय उचलून तिनं आपल्या पायांवर घेतला. मायानं ह्या खेपेस राहू दे म्हटलं नाही.

पाय अजून सुजलेला होता. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. जयवंताबाईनं नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला, गर्भार बायकांच्या पायांवर दाबायची तसाच, पोटाबद्दल दुसरं काहीही विचारायच्या आधी. अंगठा काढला तर तिथं खड्डा पडलेला. तो भरेना. ती खाली वाकून त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"म्या बोलावलं होतं वं तुले," माया म्हणाली.

"हो माय. बोलावलं होतं."

"टोंगळे आता दुखत नाहीत काय?"

खोटं बोलावं असं जयवंताबाईच्या मनात येऊन गेलं. थोडंसं दुखते म्हणावं, म्हणजे लेकीला थोडं बरं वाटलं असतं, आणि तिलाही.

"नाही," ती म्हणाली. "काहीच दुखून नाही राहिलं."

 जयवंताबाईनं तेलाची वाटी ओढली, लेकीचा दुसरा पायही आपल्या पायांवर घेतला आणि खालून वर, हलक्या हातानं, ती सूज चोळायला लागली.